जेवण झाल्यावर टेबलापाशी कुणी थांबत नाही: सहा खुर्च्यांच्या निवडीचं एक प्रकरण

तक्रार जरा वेगळी होती. खुर्ची मोडली नव्हती, डुगडुगत नव्हती, पॉलिशही शाबूत होतं. घरातल्या बाईंचं म्हणणं एवढंच, की "जेवण झालं की सगळे उठून सोफ्यावर जातात, टेबलापाशी पाच मिनिटंसुद्धा कुणी बसत नाही." त्यांना वाटत होतं, खुर्च्या आता जुन्या फॅशनच्या झाल्यात, डिझायनर खुर्च्या आणल्या की चित्र पालटेल. एका खुर्चीचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवला होता आणि सहाच्या सहा तशाच हव्या होत्या.

फर्निचरच्या निवडीत सल्ला देणं हा माझा व्यवसाय. या प्रकरणात बहुतेक घरांत होणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच टेबलाभोवती सापडल्या, म्हणून ते सविस्तर मांडतोय.

घरात पाच माणसं. नवरा-बायको, दोघंही मध्यम उंचीची, नवऱ्याचं अंग जरा भारी. मुलगा सहा फूट दोन इंच. मुलगी कॉलेजात जाणारी, किरकोळ अंगाची. आणि आजी, जेमतेम चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघे दुखरे. सहावी खुर्ची येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. टेबल सागवानी, १८० बाय ९० सेंटीमीटर, चांगलं भक्कम. ते बदलायचा प्रश्नच नव्हता.

जुन्या खुर्च्यांचं दुखणं

जुन्या खुर्च्या दिसायला रुबाबदार होत्या. उंच पाठ, मधोमध कोरीव नक्षी, सपाट गादी. मी घरच्यांना सांगितलं, बसा आणि नेहमीसारखं बसा, माझ्याकडे बघू नका. दोनच मिनिटांत आजी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आल्या. मुलाने एक पाय बाहेर काढून आडवा टाकला. नवरा टेबलावर कोपरं टेकवून बसला. मागे टेकून कुणीच बसलं नव्हतं.

जेवणाच्या खुर्चीवर माणूस दोन तऱ्हांनी बसतो. जेवताना तो किंचित पुढे झुकलेला असतो, पाठीचा आधार जवळजवळ वापरतच नाही. भार येतो बसण्याच्या दोन हाडांवर, मांड्यांच्या मागच्या भागावर आणि तळपायांवर. जेवण संपलं की तो मागे रेलतो. त्या क्षणी खुर्चीला अगदी वेगळं काम करावं लागतं, कमरेला आधार द्यावा लागतो. ऑफिसची खुर्ची स्क्रू फिरवून जुळवून घेता येते, आरामखुर्चीत माणूस एकाच तऱ्हेने पसरतो. डायनिंग खुर्चीला मात्र कुठलीही कळ नसताना दोन्ही कामं करायची असतात. या घरातल्या खुर्च्या पहिलं काम कसंबसं करत होत्या, दुसरं अजिबात नाही. पाठ जवळपास काटकोनात उभी, आणि जिथे कमरेचा बाक येतो नेमकी तिथेच नक्षी बाहेर आलेली. रेललं की ती टोचायची. माणसं उठून जात होती त्याचं कारण एवढं साधं होतं.

बाईंना हे पटायला वेळ लागला नाही, पण फोटोतली खुर्ची काही मनातून जाईना.

टेबलाखाली वाकून घेतलेली मापं

खुर्ची घ्यायची म्हणून लोक खुर्ची मोजतात. मी आधी टेबल मोजतो, आणि तेही खालून. जमिनीपासून वरचा पृष्ठभाग ७५ सेंटीमीटर, हे नेहमीचंच माप. फळी अडीच सेंटीमीटर जाड. फळीच्या खाली चारही बाजूंनी पायांना जोडणारी ९ सेंटीमीटर रुंदीची उभी पट्टी. म्हणजे पट्टीची खालची कड जमिनीपासून ६३.५ सेंटीमीटरवर. जुन्या खुर्चीची बैठक ४८ सेंटीमीटर उंच. मांडीसाठी उरले साडेपंधरा. मुलगा पाय बाहेर का काढत होता ते इथे कळलं. मांडी आरामात हलायला बैठक आणि पट्टी यांच्यामध्ये निदान १८ सेंटीमीटर तरी लागतात.

बैठकीपासून टेबलाच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर साधारण २७ ते ३० सेंटीमीटर असावं असा संकेत आहे. जुनी खुर्ची त्यात बसत होती, कारण ७५ वजा ४८ म्हणजे २७. कागदावर सगळं ठीक दिसत होतं. ही पट्टी कुठल्याही कॅटलॉगात लिहिलेली नसते, ती वाकूनच बघावी लागते.

वाकल्याचा आणखी एक फायदा झाला. टेबलाच्या लांब बाजूंना फळी पट्टीच्या पुढे फक्त ५ सेंटीमीटर येत होती, पण दोन्ही टोकांना चांगली १५ सेंटीमीटर. त्या क्षणी तो तपशील मी नुसता टिपून ठेवला. पुढे सगळा निर्णय त्यावरच फिरला.

मग माणसं मोजली. चपला काढून, पाय जमिनीवर सपाट टेकवून, गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची. आजींची ३७ सेंटीमीटर, मुलाची ४७. बाकीचे मध्ये कुठेतरी. बाजारातल्या बहुतेक डायनिंग खुर्च्यांची बैठक ४३ ते ४७ सेंटीमीटर असते. यातलं कुठलं माप धरायचं? थोडी बुटकी खुर्ची उंच माणसाला चालून जाते, तो पाय पुढे पसरतो. उंच खुर्ची बुटक्या माणसाला चालत नाही. पाय लोंबकळतात, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. म्हणून मी खालच्या बाजूला झुकतो. या घरासाठी ४४ धरले. पट्टीखाली साडेएकोणीस सेंटीमीटर मोकळे मिळाले. पृष्ठभागापर्यंतचं अंतर मात्र ३१ झालं, संकेताहून सेंटीमीटरभर जास्त.

गादीच्या खुर्चीत हे माप फसवं असतं, हेही सांगायला हवं. कॅटलॉगातली उंची रिकाम्या खुर्चीची असते. माणूस बसला की फोम दबतो आणि दोनेक सेंटीमीटर सहज जातात. तेव्हा कुणीतरी बसलेलं असताना बाजूने मोजपट्टी लावून मोजावं.

बैठकीची खोली हे दुसरं दुर्लक्षित माप. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची खळगी यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी. आजींच्या मांडीची लांबी ४२ सेंटीमीटर, जुन्या बैठकीची खोली ४७. त्यांनी पाठ टेकवायची ठरवली असती तर गुडघा वाकलाच नसता. त्यांना कडेवर बसण्याची सवय आहे असं घरचे म्हणत होते. खुर्चीने त्यांना दुसरी जागाच ठेवली नव्हती.

तीन नमुने घरी

दुकानात बसून खुर्ची पसंत करू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे आपण उभे फिरून दमलेलो असतो, त्यामुळे काहीही मऊ लागलं की बरं वाटतं. मऊ फोम पहिल्या मिनिटाला सगळ्यात जास्त गुण मिळवतो आणि अर्ध्या तासाने सगळ्यात कमी. शिवाय तिथलं टेबल आपलं नसतं. काही विक्रेते अनामत घेऊन एकेक नमुना घरी देतात. इथेही तीन प्रकारच्या खुर्च्या आल्या आणि घरातले आळीपाळीने त्यांवर बसून जेवले. अट एकच होती, जेवण झाल्यावर उठायचं नाही.

पहिली, फोटोतली. वरची दांडी अर्धवर्तुळाकार वळून पाठीचा आणि हातांचा आधार एकदमच देते, बैठक कागदी दोरीने विणलेली. हा घाट डेन्मार्कचे फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर यांच्या घराण्यातला. त्यांची १९४९ साली आखलेली आणि १९५० पासून सलग बनत असलेली 'विशबोन' खुर्ची जगभर नकलली गेली आहे. मूळ खुर्चीच्या एका बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. नमुना काही मूळ नव्हता, पण काम नेटकं होतं. बसायला छान, वाऱ्याला मोकळी, वजनाला हलकी. अडचण हातांची. या नमुन्याचे हात जमिनीपासून ६८ सेंटीमीटरवर आणि पुढपर्यंत आलेले. पट्टी ६३.५ वर. लांब बाजूला खुर्ची आत सरकवली की पाच सेंटीमीटरवर हात पट्टीला ठोकरायचे. जेवणारा टेबलापासून लांब राहायचा आणि काही दिवसांत लाकडाला लाकूड घासून दोन्हीकडे ओरखडे पडले असते. मूळ आराखड्यात हात आखूड आहेत आणि पुढे येत नाहीत, ते उगाच नाही. नक्कल करणाऱ्याने दिसायला भरदार करायचं म्हणून ते वाढवले होते.

दुसरी, जाड फळीच्या बैठकीची, पाठीला बारीक गोल दांड्या लावलेली. या प्रकारात बैठक हाच कणा असतो. पाय खालून आणि दांड्या वरून त्याच फळीत ठोकलेल्या. फळी कोरून बसण्याच्या आकाराची खळी केलेली होती. मुलगी आणि तिची आई दोघींना ती फार आवडली. नवऱ्याला अजिबात नाही, कारण खळी एकाच रुंदीच्या माणसाला मानवते. रुंद माणूस खळीच्या कडांवर बसतो. आणि मुलीला दोन दिवसांनी लक्षात आलं, की या खुर्चीवर पाय वर घेऊन बसता येत नाही. ती रोज तशीच बसते.

तिसरी सगळ्यात साधी. अक्रोडाची चौकट, पाठीला एकच रुंद वळणदार फळी, आणि चौकटीत वरून बसवलेली काढता येणारी गादी. फोटोत हिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. पाठ उभ्या रेषेपासून साधारण दहा-बारा अंश मागे झुकलेली, बैठक मागच्या बाजूला किंचित उतरती. हा उतार फार झाला की ती आरामखुर्ची होते आणि ताटापर्यंत जाताना पोट आवळतं. इथे तो बेताचा होता. बैठक आणि पाठीची फळी यांच्यात मोकळी जागा सोडलेली, त्यामुळे बसताना मागचा भाग त्या जागेत जातो आणि फळी बरोबर कमरेच्या बाकाला लागते. बैठकीपासून साधारण १५ ते २३ सेंटीमीटरच्या पट्ट्यात हा आधार मिळायला हवा. त्याच्या वर उंच पाठ असली-नसली तरी जेवणाच्या खुर्चीत फरक पडत नाही. उंच पाठीने खोली भरून गेल्यासारखी मात्र दिसते.

या खुर्चीवर पहिल्यांदा जेवण झाल्यावर नवरा मागे रेलला आणि मुलाशी बोलत बसला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण फोटोतल्या खुर्चीचा विषय तिथेच संपला.

आजी मात्र म्हणाल्या, "बसायला बरी आहे रे, पण उठवेल का मला हिच्यातून?"

आजींची खुर्ची

इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. आजींचे पाय आखूड, म्हणून बैठक खाली हवी. गुडघे दुखरे, म्हणून बैठक वर हवी, कारण जितकं खालून उठावं तितका गुडघ्यावर भार जास्त. ३७ सेंटीमीटरची खुर्ची दिली असती तर त्या बसल्या असत्या आरामात आणि उठल्या असत्या कुणीतरी हात धरून. शिवाय टेबल छातीशी आलं असतं.

तोड अशी निघाली, की उंची सगळ्यांसारखीच ४४ ठेवायची, उठण्यासाठी हात द्यायचे आणि पायांखाली ठेवायला ७ सेंटीमीटर उंचीची लाकडी बैठी चौकी करायची, खाली रबर लावलेली. ३७ अधिक ७, हिशेब बरोबर जुळला. उठताना ती पायाने सरकवायची, कारण चौकीवर पाय ठेवून उठलं तर तोल जाऊ शकतो. खोलीसाठी बैठक ४२ सेंटीमीटरची ठरली. आजींच्या पाठीशी चारेक सेंटीमीटरची पातळ उशी, मागे पट्ट्यांनी बांधलेली, म्हणजे त्यांना खोली ३८ मिळते आणि मुलाची मांडीही अगदीच अधांतरी राहत नाही.

हातांची उंची बैठकीपासून २० सेंटीमीटर, म्हणजे जमिनीपासून ६४. पुन्हा तीच पट्टी, ६३.५. अर्ध्या सेंटीमीटरने अडतं. हात आखूड करून मागे ओढले असते तर खुर्ची आत गेली असती, पण उठताना माणूस हाताच्या पुढच्या टोकावर जोर देतो. हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आले नाहीत तर आजींना त्यांचा उपयोग नाही. टोकांच्या १५ सेंटीमीटरचं महत्त्व इथे. टेबलाच्या दोन्ही टोकांना पट्टी आत आहे आणि फळीची खालची बाजू ७२.५ वर. पूर्ण लांबीचे हात फळीखालून बिनधास्त पंधरा सेंटीमीटर आत जातात. जेवायला तेवढं पुरतं. म्हणून हातांच्या खुर्च्या दोनच, त्याही टोकांना. बाकी चार बिनहाताच्या. आजी टेबलाच्या टोकाशी बसणार हे ठरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की दुसऱ्या टोकाला कोण.

लांब बाजूंचं गणितही बघून घेतलं. टेबलाच्या दोन पायांमधलं मोकळं अंतर १३६ सेंटीमीटर. खुर्ची ५० रुंद. दोन खुर्च्या शेजारी लावून मध्ये आणि कडांना मिळून ३६ उरतात. प्रत्येकाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी मिळाली की कोपरं भिडत नाहीत. इथे त्याहून जास्तच होती. खुर्चीमागे भिंतीपर्यंत ८० सेंटीमीटर होते, उठता-बसता येण्याइतके.

उलटी केलेली खुर्ची

पसंतीचा नमुना मी जमिनीवर चादर टाकून उलटा केला. घरच्यांना गंमत वाटली. डिझायनर म्हणून विकलेल्या खुर्चीचं खरं काम वर दिसत नाही, ते खाली दिसतं.

चौकटीच्या चारही कोपऱ्यांत तिरपे लाकडी ठोकळे होते, डिंक आणि स्क्रू दोन्ही लावून बसवलेले. चांगली गोष्ट. पाय आणि आडव्या पट्ट्यांचा सांधा कुसू आणि खाचेचा, म्हणजे एका तुकड्याचं कोरून काढलेलं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून मी कारखान्यात जाऊन अर्धवट जोडलेली खुर्ची पाहिली. नुसत्या गोल खुंट्यांनी जोडलेल्या खुर्च्याही टिकतात, पण खुर्चीला सगळ्यात मोठा ताण येतो तो बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथे. माणूस मागे रेलून पुढचे दोन पाय उचलतो तेव्हा सगळं वजन त्या दोन सांध्यांना पिळतं. मुलगे हमखास असं करतात. या घरातला मुलगा करतो. म्हणून तिथे कुसू किती खोल जातं ते विचारावं, आणि दाखवा म्हणावं. टिकाऊपणा मोजायची आयएसओ ७१७३ सारखी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांत बैठकीवर आणि पाठीवर पुन्हा पुन्हा भार टाकून खुर्ची तपासतात. निर्माता अशा चाचणीचा दाखला देत असेल तर उत्तम. नसेल तर पाठीची फळी आणि पुढची पट्टी दोन हातांत धरून खुर्ची हलकेच पिळावी आणि कान द्यावा. सुक्या लाकडाचा कुरकुर आवाज लगेच कळतो.

मागच्या पायाचं वळण नीट बघितलं. सरळ फळीतून वळणदार तुकडा कापला की वळणाच्या जागी लाकडाचे रेषे आडवे कापले जातात आणि पाय तिथे कमजोर होतो. कडेने रेषा बघत गेलं की कळतं, रेषे वळणाबरोबर वळतात की मधेच कडेबाहेर जातात. एकोणिसाव्या शतकातले फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी लाकूड वाफेने मऊ करून वाकवण्याची पद्धत कारखान्यात आणली ती हीच अडचण टाळून. १८५९ सालची त्यांची १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांत होते. आमच्या नमुन्यात वळण कापलेलंच होतं, पण सौम्य, आणि तुकडा निवडताना रेषांचा विचार केलेला दिसत होता. एका पायात मात्र रेषा तिरपी बाहेर गेली होती. तो पाय बदलून घ्यायचं ठरलं.

आता फिनिशिंग. डोळ्यांना खुर्ची गुळगुळीतच दिसत होती. खोलीतले दिवे घालवून बॅटरी लाकडाला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाकला. पाठीच्या फळीवर बारीक आडव्या लाटा उमटल्या, यंत्राच्या रंध्याच्या. पॉलिश पेपर पुरता फिरला नव्हता. एका सांध्याशी नखाएवढा फिकट डाग, तिथे डिंक बाहेर येऊन राहिला होता आणि त्यावर रंगाचं पाणी बसलं नव्हतं. असे डाग दिवसाच्या उजेडात लपतात आणि वर्षभराने डोळ्यांत भरतात.

मग हातावर जुना नायलॉनचा मोजा चढवून खुर्चीभर फिरवला. वरून सगळीकडे सरकत गेला. पाठीच्या फळीच्या खालच्या कडेला अडकला. खुर्ची ओढताना बोटं नेमकी तिथेच जातात. दिवसातून कितीतरी वेळा हात लागणारी ही कड, आणि तिथे पॉलिश पेपर लावलाच नव्हता.

मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, ती बाजू कुणाला दिसते?"

"दिसत नाही हो, पण हाताला लागते ना," मी म्हटलं आणि मोजा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी फिरवला, अडकला, आणि ते हसले. सगळ्या खालच्या कडा गोलावून देतो म्हणाले. दिल्याही. चांगला कारागीर या गोष्टीने दुखावत नाही. त्याला मुदतीच्या घाईत सोडलेली जागा कुणीतरी हेरली याचं उलट बरं वाटतं, निदान माझा अनुभव तरी असा.

सांधा झाकायचा की दाखवायचा हा प्रश्नही निघाला. वेग्नर यांच्या १९४९ च्या 'राउंड चेअर'मध्ये वरची दांडी तुकड्यांची आहे. सुरुवातीच्या खुर्च्यांत ते जोड वेताने गुंडाळून झाकलेले होते. नंतर त्यांनी नागमोडी दातांचा सांधा उघडा ठेवला आणि तोच खुर्चीचा दागिना ठरला. आमच्या हातांच्या खुर्च्यांत हात आणि पुढचा पाय जिथे मिळतात तिथे मिस्त्री वर गोल चकती चिकटवून जोड झाकणार होते. मी नको म्हटलं. जोड नीट बसला असेल तर झाकायचं कशाला, आणि नसेल तर चकतीखाली तो आणखी ढिला होतच राहणार.

पॉलिश कोणतं

चमकदार पॉलिश बाईंना हवं होतं. चमक जितकी जास्त तितका प्रत्येक ओरखडा आणि बोटांचा ठसा दिसतो, म्हणून मॅट घ्या असं सुचवलं, आणि ते मान्य झालं. खरा प्रश्न थराचा होता. तेलाचं फिनिश हाताला सगळ्यात चांगलं लागतं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. पण ते अधूनमधून लावत राहावं लागतं. लाखेचं पॉलिश दिसायला अप्रतिम, पण अल्कोहोलने विरघळतं, आणि हाताला लावायच्या बहुतेक सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असतं. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर ओल्या फडक्याला आणि सांडलवंडीला दाद देत नाही, मात्र सोलला तर तुकड्यात दुरुस्त होत नाही, पूर्ण भाग घासावा लागतो. या घरात खुर्च्या रोज ओल्या फडक्याने पुसल्या जातात. निर्णय पीयू मॅटचा झाला. खालच्या बाजूलाही एक हात मारून घेतला, कारण लाकूड एकाच बाजूने बंद केलं तर ओलावा दुसऱ्या बाजूने घेत-सोडत राहतं आणि फळी वाकायला बघते. तेल निवडणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र देऊन ठेवतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच टाका.

गादीचा फोम ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो), पाच सेंटीमीटर जाड. त्याहून जाड गादीने बैठक उंचावते आणि माणूस डुलत बसतो. वरचं कापड काढून धुता येईल असं.

त्यानंतर

खुर्च्या आल्या त्या दिवशी दोन डुगडुगल्या. खुर्ची नव्वद अंशात फिरवून पाहिली. डुगडुग खुर्चीबरोबर फिरली तर दोष पायाचा, जागच्या जागी राहिली तर जमिनीचा. एकीत दोष पायाचा निघाला, मिस्त्रींनी मिलिमीटरभर घासून दिला. दुसरीत फरशीचा होता. तिला खाली नमद्याची जाड चकती लावली. या चकत्या सगळ्याच पायांना लावल्या आहेत. त्यात खडा अडकला की फरशीवर चरे पडतात, म्हणून मधूनमधून खुर्ची उलटी करून बघायला सांगितलं आहे.

हवा कोरडी झाली तेव्हा मुलाच्या खुर्चीचा एक सांधा कुरकुरू लागला. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे ठोकळ्यांचे स्क्रू ढिले पडले होते. घट्ट केले, आवाज गेला. मुलगा अजूनही दोन पायांवर झुलतो. त्याला सांगून काही उपयोग नाही, हे त्याच्या आईने मला सांगितलं.

आजी चौकी वापरतात, पण उशी काढून टाकली आहे. त्या म्हणतात गरम होतं. आता त्या पुन्हा थोड्या पुढे बसतात, मात्र जेवण झाल्यावर हातांवर कोपरं टेकवून मागे जातात. बैठक ४२ ऐवजी ४० केली असती का, यावर मी आणि मिस्त्री दोघांची मतं वेगळी आहेत. मला वाटतं, मुलासाठी ते फारच आखूड झालं असतं.

एक गोष्ट उरली आहे. खिडकीजवळच्या दोन खुर्च्या उरलेल्या चौघींपेक्षा फिकट दिसू लागल्या आहेत. अक्रोड उजेडात उजळत जातो, बहुतेक इतर लाकडांच्या उलट. बाईंनी विचारलं, पॉलिशचा दोष आहे का. नाही म्हटलं. बिनहाताच्या चारही खुर्च्या आता दर महिन्याला जागा बदलतात. टोकाच्या दोघींनाही तेच लागू आहे, पण आजींची खुर्ची हलवायला आजी तयार नाहीत.